पालातल्या मुलीचं नाव शाळेत लागेल का?

प्रश्न : आमी कापूस वेचाले आलो, गावाबाहेर नाल्याजवळ पाल टाकून रायतो. घर कुठंच नाई. पोरगी आठ वर्साची हाय, पयलीत थोडे दिवस गेली, मंग सुटली. इथल्या शाळेत गेलो तं म्हणते, जन्माचा दाखला आना, रहिवासी दाखला आना, टीसी आना. अन् म्हणते अर्धं वर्स झालं, आता जूनमधी या. जूनपावतर आमी इथं थोडेच रायतो? (बचत गटाच्या ताईकडून लिहून घेतलं.)
– एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पोरीला घेऊन उद्याच शाळेत जा. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. कागदासाठी दारातून परत पाठवलेली लेकरं पुन्हा शाळेकडे फिरकत नाहीत, हे मी नोकरीभर पाहिलं, म्हणून घाई करतो आहे.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या प्रत्येक लेकराचा आहे, त्याला घर असो की नसो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम 14. वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं, हे कलम 15. टीसी यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे कलम 5. आधार कार्डावरूनही अडवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच ते स्पष्ट केलं आहे. वयासाठी दवाखान्याची किंवा नर्सबाईंची नोंद, अंगणवाडीचं रजिस्टर, आणि तेही नसेल तर आईबापानं लिहून दिलेलं वय चालतं.

बचत गटाच्या ताईंकडूनच साध्या कागदावर अर्ज लिहून घ्या. पत्त्याच्या जागी 'नाल्याजवळील पाल' असं बिनधास्त लिहा, तुम्ही राहता तो पत्ता तोच. खाली अंगठा किंवा सही करा, दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. पोच देत नसतील तर 'प्रवेश नाही, असं लेखी द्या' एवढंच शांतपणे म्हणा. असं लिहून द्यायला सहसा कोणी धजत नाही. तरीही अडलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. कायद्यात तक्रारीच्या निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून त्याच दिवशी केंद्रप्रमुखांनाही भेटा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांना शाळेत घेणं ही कायद्यानं यंत्रणेचीच जबाबदारी आहे, तुम्ही उपकार मागत नाही.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. 'पहिलीत बसवू' म्हणतील. कलम 4 प्रमाणे ती वयानुसार, म्हणजे तिसरीत बसेल, आणि मागं राहिलेलं भरून काढायला शाळेनं तिला वेगळं शिकवायचं आहे. आठ वर्षांची पोर सहा वर्षांच्या मुलांत बसवली की लाजते आणि घरी राहते. पुस्तकं आणि दुपारची खिचडी तिला इतर मुलांसारखीच फुकट मिळेल.

वेचणी संपून गाव सोडाल तेव्हा टीसी आणि शिक्षण हमी कार्ड (गाव बदलणाऱ्या मुलांना पुढच्या शाळेत दाखवायला देतात ते) मागून घ्या. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाजवळ ठेवा, आणि पुढच्या गावात पाल टाकलं की पहिल्याच आठवड्यात तिथल्या शाळेत दाखवा.