समासातला ‘चोर’

गणपती उठले की समुपदेशनासाठी माझ्याकडे एकाच सुराचे फोन सुरू होतात. “मॅडम, वर्ष ड्रॉप केलंय. रोज आठ-दहा तास बसते. मॉकमध्ये मार्क हलतच नाहीत. लॉ करायची माझ्यात कुवतच नाही का?” क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, डिसेंबरच्या सुरुवातीला असते. कोचिंगवाले या दिवसांत दर रविवारी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, लावतात आणि सोमवारी कुणी ना कुणी माझ्यासमोर बसून रडतं. त्यातली ऋतुजाची गोष्ट सांगते, कारण तिच्या बाबतीत पहिले तीन आठवडे मीच चुकीच्या रस्त्याला होते. (नाव, गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी तिला विचारलं आहे.)

ऋतुजा बार्शीकडची. दहावीपर्यंत सेमी-इंग्लिश, मग आर्ट्स. बारावीसोबत दिलेली पहिली क्लॅट पार फसली, म्हणून वर्ष मोकळं ठेवून पुण्यात आली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, आणि जवळच्या अभ्यासिकेत खिडकीखालचं टेबल. पहिल्या भेटीत तिने वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं: सात रविवारांचे सात आकडे, ६८ ते ७२ च्या दरम्यान घुटमळणारे. शेजारी लाल शाईत ‘९५’ लिहून चौकट केली होती.

झोप किती, जेवण कसं, जगू नये असं कधी वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत थेट विचारते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. तसं काही नव्हतं. झोप मात्र साडेचार तासांची, आणि शनिवारी रात्री पोटात गोळा. मी निदान करून मोकळी झाले: परीक्षेची धास्ती. श्वासाचे व्यायाम दिले, झोपेची नोंद ठेवायला सांगितली, रात्री अकरानंतर मोबाईल बंद. तिने सगळं मन लावून केलं. पट्टीने रेघा मारून तक्ता आखून आणला. झोप सहा तासांवर गेली, पोटातला गोळा कमी झाला आणि मार्क आले ६९.२५.

“आता तर टेन्शनपण नाही मॅडम,” ती म्हणाली. “म्हणजे मी खरंच ढ आहे.”

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पोरगी परीक्षेबद्दल बोलत होती आणि मी एकदाही तिचा पेपर पाहायला मागितला नव्हता. पुढच्या वेळी मॉकची पुस्तिका घेऊन ये म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्लॅट २०२० पासून उताऱ्यांवर बेतलेली आहे आणि २०२४ च्या प्रवेशांपासून १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा, त्याखाली चार ते सहा प्रश्न, असं इंग्रजी, चालू घडामोडी, लीगल आणि लॉजिकलमध्ये चालतं. शेवटी थोडं गणित. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण वजा. घोकून पाठ करण्यासारखं यात फार थोडं असतं, आणि हीच गोष्ट अभ्यासू मुलांना पचत नाही.

ऋतुजाने ११८ प्रश्न सोडवले होते. ७९ बरोबर, ३९ चूक. चुकांचे पावणेदहा गेले की उरतात ६९.२५. आम्ही त्या ३९ चुकांचे तीन ढीग केले. वेळ संपत आला म्हणून डोळे मिटून ठोकलेल्या १७. दोन पर्यायांत अडकून चुकीच्या बाजूला पडलेल्या ९. आणि पूर्ण खात्री असूनही चुकलेल्या १३.

तिच्या क्लासच्या सरांनी पहिल्या ढिगावरून तिला झापलं होतं: ठोकाठोकी बंद कर. मला ते पटलं नाही. चार पर्यायांत एकदम आंधळा नेम मारला, तर चारांपैकी एक लागतो आणि तीन चुकतात. एक गुण येतो, पाऊण जातो. म्हणजे हिशेब बरोबरीच्या जरा वरच राहतो. तिचं नुकसान त्या ठोकलेल्या उत्तरांनी झालेलंच नव्हतं. खरा प्रश्न असा होता की, सतरा उत्तरं ठोकण्याची वेळ तिच्यावर आली कशी? मधले पंधरा-वीस मिनिटं कुठे सांडले?

तिसऱ्या ढिगात ते सापडलं. खात्रीने चुकलेल्या १३ पैकी ९ प्रश्न लीगल रीझनिंगचे होते. ती चमकली. “पण लीगल तर माझा आवडता सेक्शन आहे!”

एक उतारा उघडला. विषय होता प्रतिकूल ताब्याचा. दुसऱ्याची जमीन कुणी उघडपणे, मालकाच्या परवानगीशिवाय, त्याच्या हक्काला न जुमानता सलग बारा वर्षं कसली, तर ती परत मिळवण्याचा मालकाचा हक्क संपू शकतो, हा नियम उताऱ्यातच दिलेला. खालच्या प्रश्नात एक जण गाव सोडून गेला, शेजाऱ्याने त्याच्या रानाला कुंपण घालून तेरा वर्षं पीक काढलं, मग मूळ मालक परतला. जमीन कुणाची? दिलेला नियम लावला तर उत्तर सरळ होतं. ऋतुजाने मात्र ‘शेजाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असल्याने जमीन मूळ मालकाची’ या पर्यायावर गोल काळा केला होता. आणि इंग्रजी उताऱ्याच्या समासात, शेजाऱ्याच्या ओळीसमोर, पेन्सिलने बारीक मराठीत लिहिलं होतं: ‘चोर’.

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. ती काहीच बोलली नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चुलत चुलत्याने बांध कोरत कोरत त्यांची चौदा गुंठे जमीन आत ओढली होती. दावा ती दुसरीत असल्यापासून चालू. पप्पा दर तारखेला बार्शीच्या कोर्टात जाऊन बसतात आणि संध्याकाळी तिला फोन करून सगळं सांगतात. ‘तू वकील हो, मग बघतो त्याच्याकडं.’ ऋतुजाला पदवी मिळायला अजून पाच-सहा वर्षं होती. दावा तोपर्यंत चालेलच, याबद्दल घरात कुणाच्या मनात शंका नव्हती. आपल्या कोर्टांवर एवढा विश्वास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

म्हणजे जमीन, वाटणी, फसवणूक, विश्वासघात असं काही उताऱ्यात आलं की ती पेपर सोडवायची थांबायची आणि दावा लढायला लागायची. तोच उतारा दोनदा, तीनदा वाचायची, नियमात पळवाट शोधायची, आणि शेवटी पीडिताच्या बाजूने निकाल द्यायची. घड्याळ लावून बघितलं तेव्हा त्या एका उताऱ्याला अकरा मिनिटं गेली. तिची सांडलेली मिनिटं ती हीच.

एक उपाय ठरला, अगदी साधा. उतारा वाचून झाला की प्रश्नाकडे जाण्याआधी समासात नियम सात-आठ शब्दांत लिहायचा, मराठीत चालेल. आणि वाचताना कुणाचा राग आला तर कोपऱ्यात छोटा त्रिकोण काढायचा. राग गिळायचा नाही, नुसती नोंद. त्रिकोण असलेल्या उताऱ्यात स्वतःला एवढंच विचारायचं: हे मला वाटतंय की इथे लिहिलंय? पहिल्या रविवारी पाच त्रिकोण आले. त्यातला एक कुत्र्याला दगड मारणाऱ्या माणसावर होता, त्यावर आम्ही दोघी खूप हसलो.

पप्पांशी बोलणं याहून अवघड गेलं. दर रविवारी मार्कांचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर जायचा आणि काका, आत्या, मामा अंगठे द्यायचे किंवा द्यायचे नाहीत. तिच्या परवानगीने मी फोन केला. “मॅडम, आकडा कळला न्हाई तर आमाला चैन पडत न्हाई,” ते म्हणाले. मी म्हटलं, आकडा महिन्यातून एकदा ती स्वतः सांगेल. आणि तारखेचं काय झालं ते परीक्षा होईपर्यंत तिला सांगू नका. दुसऱ्या गोष्टीला ते बराच वेळ गप्प राहिले. “मग मी कुणाला सांगू?” हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. त्यावेळी मी म्हटलं, मला सांगा. त्यांनी दोनदा खरंच केला फोन.

राज्याच्या लॉ सीईटीवरूनही घरात वाद होता. क्लासमध्ये कुणीतरी डोक्यात भरवलं होतं की दुसरी परीक्षा डोळ्यांसमोर ठेवली की मन फुटतं. मला हे साफ चुकीचं वाटतं. उलट एकाच दारावर डोकं आपटणारी मुलंच जास्त घाबरलेली बघते. क्लॅटमधून राज्यातली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं मिळतात, देशभरातली इतरही. पण मुंबईचं १८५५ सालचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं १९२४ सालचं आयएलएस यांचा रस्ता राज्याच्या सीईटीतून जातो. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रश्न मराठीतही दिसतात. २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावतीत कायदा शिकले, हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी फॉर्मची तारीख विचारली.

मार्कांचं म्हणाल, तर ते काही चमत्कारासारखे चढले नाहीत. शेवटच्या तीन मॉकमध्ये ७७, ८३, ८० आले. लाल चौकटीतला ९५ कधीच आला नाही. डिसेंबरच्या क्लॅटमध्ये तिला हवं असलेलं विद्यापीठ मिळेल एवढी रँक लागली नाही. ती दोन दिवस रडली, मीही तिला रडू नको असं म्हटलं नाही. पुढे सीईटी दिली आणि पुण्यातल्याच एका कॉलेजात पाच वर्षांच्या कोर्सला लागली.

गेल्या दिवाळीआधी ती भेटायला आली. मिरच्या आणि शेंगाचटणी घेऊन. पहिल्याच वर्षी लायब्ररीत बसून तिने दाव्याची कागदपत्रं वाचली होती आणि घरी फोन करून सांगितलं होतं की, पप्पा, सातबारावर आपलं नाव आहे म्हणून जमीन आपली असं कोर्ट नुसतं त्यावरून धरत नाही. तो महसुली उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. आपली बाजू एका ठिकाणी कच्ची आहे.

“त्रिकोण काढलास का?” मी विचारलं.

“मी नाही. पप्पांनी काढला असणार. दोन दिवस बोललेच नाहीत.” तिने चटणीच्या बरणीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. “तिसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाले, मग अजून कुठला कागद लागंल, ते लिहून पाठव.”