नवस्वतंत्र, वारस की उत्तराधिकारी? साम्राज्य मोडल्यावर उरलेल्या देशांना काय म्हणावे

प्रश्न असा आला आहे: ‘१९९१ मध्ये सोव्हिएत साम्राज्याच्या विलयातून जन्मलेल्या १५ नवस्वतंत्र राष्ट्रांपुढे चलन, कर्ज आणि नागरिकत्व यांचे प्रश्न उभे राहिले’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘नवस्वतंत्र राष्ट्रे’ऐवजी ‘उत्तराधिकारी राज्ये’ म्हटले तर काही फरक पडतो का?

फरक पडतो, आणि तो केवळ शैलीचा नाही. जुन्या साम्राज्याचे कर्ज कोण फेडणार, त्याने केलेले करार कोणाला बांधील राहणार, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची कोणाला मिळणार, हे सगळे या शब्दांमागे आहे. चुकीचा शब्द वापरला की वाचकाची समजूतही चुकीची होते.

आधी ‘विलय’. कोशात त्याला नाश असाही अर्थ आहे. पण आजच्या मराठी वाचकाच्या कानावर ‘संस्थानांचे विलीनीकरण’, ‘बँकांचा विलय’ असेच प्रयोग पडतात, म्हणजे दोनाचे एक होणे. इथे घडले ते नेमके उलटे, म्हणून ‘विघटन’च लिहावे. ‘पतन’ हा शब्द राजवट किंवा राजधानी पडण्यासाठी ठेवावा. ‘विभाजन’ मात्र वेगळे. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले ते ठरवून, कायदे करून, संघराज्याची बरीचशी मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक अशी वाटून. त्याला विभाजन म्हणणेच योग्य.

आता ‘नवस्वतंत्र’. ‘नव्याने स्वतंत्र झालेला देश’ हे साधे वर्णन म्हणून कुठेही चालेल. समास करून तो संज्ञेसारखा वापरला की मात्र सांभाळावे लागते, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याची व्याख्या ठरलेली आहे. करारांच्या वारशाबद्दलच्या १९७८ च्या व्हिएन्ना करारानुसार, ज्याचा भूभाग आधी दुसऱ्या देशाच्या ताब्यातला परतंत्र प्रदेश होता तो देश नवस्वतंत्र. म्हणजे मुख्यतः वसाहती. अशा देशाला कोऱ्या पाटीची सवलत आहे: राज्यकर्त्या देशाने केलेले करार त्याच्यावर आपोआप बंधनकारक होत नाहीत, हवे ते तो पुढे चालू ठेवू शकतो. फुटून निघालेल्या घटक प्रजासत्ताकांना हा करार तीच सवलत देत नाही. युक्रेन किंवा कझाकस्तान कागदोपत्री वसाहती नव्हत्या, संघाची घटक प्रजासत्ताके होती. त्यांना संज्ञा म्हणून ‘नवस्वतंत्र’ लावणे म्हणूनच सैल ठरते.

‘१५’ हा आकडाही तपासायला हवा. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया स्वतःला नवे देश मानतच नाहीत. १९१८ मध्ये ते स्वतंत्र झाले, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने त्यांना गिळले, आणि १९९१ मध्ये त्यांनी गेलेले स्वातंत्र्य परत मिळवले, अशी त्यांची भूमिका आहे आणि बहुतेक पाश्चात्त्य देशांनीही १९४० चा कब्जा कायदेशीर मानला नव्हता. यावरच त्यांनी सोव्हिएत कर्जाचा वाटा नाकारला. त्यांच्यासाठी ‘पुनःस्वतंत्र’ हा शब्द चपखल आहे.

रशिया तर आणखी वेगळाच प्रकार. २४ डिसेंबर १९९१ रोजी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी संयुक्त राष्ट्रांना कळवले की सोव्हिएत संघाचे सदस्यत्व रशिया पुढे चालवील. सुरक्षा परिषदेतली कायम जागाही तशीच पुढे चालू राहिली, नवा अर्ज करावा लागला नाही. १९४७ मध्ये भारताचे सदस्यत्व असेच चालू राहिले आणि पाकिस्तानला ३० सप्टेंबरला नवा सदस्य म्हणून प्रवेश घ्यावा लागला. याउलट सर्बिया-मॉन्टेनेग्रोने ‘आम्हीच युगोस्लाव्हिया’ असा दावा केला, तो संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये मानला नाही आणि शेवटी २००० साली त्यांना नव्याने सदस्य व्हावे लागले. चेक आणि स्लोव्हाक यांनी असा दावा केलाच नाही, दोघेही १९९३ मध्ये नवे सदस्य झाले. दावा मान्य झालेल्या देशासाठी जोडशब्द घडवण्याचा हट्ट नको. ‘पूर्वीचाच देश म्हणून पुढे चालू राहिला’ असे सरळ लिहावे.

उरलेल्यांसाठी ‘उत्तराधिकारी’ की ‘वारस’? माझा कौल ‘वारस’ला. उत्तराधिकारी म्हटले की मराठी माणसाला एकाच्या गादीवर बसणारा दुसरा एक दिसतो: राजाचा, मठाधिपतीचा, पक्षाध्यक्षाचा. वारस अनेक असू शकतात, त्यांच्यात वाटणी होते, वाटणीवरून भांडण होते, आणि घराबरोबर घरावरचे कर्जही वारसांकडे येते. साम्राज्य मोडल्यावर नेमके हेच होते. ‘राज्य’ तर टाळाच. आपल्या रोजच्या भाषेत राज्य म्हणजे संघराज्याचा घटक, आणि ‘उत्तराधिकारी राज्य’ वाचून युक्रेन अजून कशाचा तरी घटक आहे असे वाटते. ‘राष्ट्र’ हा शब्द लोकसमूहाच्या एकपणाचा दावा करतो. १९१८ च्या चेकोस्लोव्हाकियात चेक व स्लोव्हाकांबरोबर तीस लाखांवर जर्मन होते, शिवाय हंगेरियन आणि रुथेनियनही होते. तिथे ‘राष्ट्र कोणाचे’ हाच वादाचा मुद्दा होता. म्हणून ‘वारस देश’.

तेव्हा वाक्य असे करता येईल: ‘१९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर त्याच्या वारस देशांपुढे आणि पुन्हा स्वतंत्र झालेल्या बाल्टिक देशांपुढे चलन, कर्ज आणि नागरिकत्व यांचे प्रश्न उभे राहिले.’ रशिया वारसांत धरायचा की नाही हे पुढच्या वाक्यात स्पष्ट करावे.

आता वाक्यातले तीन प्रश्न. त्यांचीही स्वतःची शब्दसंपत्ती आहे आणि तिथे चुका जास्त होतात.

चलनाबाबत ‘नवे चलन सुरू केले’ एवढे लिहून लेखक पुढे जातात. खरी अडचण जुन्या नोटांची असते. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी हे साम्राज्य मोडले तरी व्हिएन्नातली त्याची मध्यवर्ती बँक क्रोन हे जुने चलन छापतच होती. ती छपाई दुसऱ्या सरकारच्या खर्चासाठी आणि महागाई मात्र सगळ्यांच्या वाट्याला. चेकोस्लोव्हाकियाचे अर्थमंत्री अलॉइस राशिन यांनी २५ फेब्रुवारी १९१९ रोजी गुप्त बैठकीत कायदा मंजूर करून घेतला. लगेच सीमा बंद, परदेशी टपाल बंद. मार्चच्या सुरुवातीला लोकांनी नोटा आणायच्या, प्रत्येक नोटेवर मुद्रांक तिकीट डकवले जायचे, तिकीट असलेली नोट तेवढी देशाचे चलन. एक-दोन क्रोनच्या नोटा वगळल्या. ठरावीक मर्यादेवरच्या रकमेतला निम्मा भाग सरकारने १ टक्का व्याजाचे सक्तीचे कर्ज म्हणून ठेवून घेतला, म्हणजे चलनाची फारकत आणि चलनकपात एकदमच. सीमा आधी बंद करणे का गरजेचे, हेही लिहावे: नोट जिथे जास्त किमतीची ठरणार तिकडे धावते. बातमी फुटली असती तर शेजारच्या देशांतले क्रोन पेट्या भरून आत आले असते.

इथे ‘तिकीट डकवणे’ आणि ‘शिक्का मारणे’ यांत गल्लत करू नये. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्याने (म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियाने) १९१९ च्या सुरुवातीला नोटांवर हाताने शिक्के मारले. रबरी शिक्क्याची नक्कल कोणीही करू शकतो, आणि तशी ती भरपूर झाली. त्याच वर्षाअखेर तिथेही तिकिटे डकवण्याची वेळ आली. ऑस्ट्रियाने नोटेवर छापील मजकूर चढवला, त्याला ‘अधिछपाई’ म्हणावे. तिकिटाची युक्ती इतकी कामाची की फेब्रुवारी १९९३ मध्ये चेक आणि स्लोव्हाक चलने वेगळी करताना नोटांवर पुन्हा तिकिटेच लागली.

सोव्हिएत संघानंतर गोंधळ वेगळ्या जागी झाला. नोटा छापण्याची यंत्रे फक्त रशियाकडे, पण रुबलमध्ये उसनवार पतपुरवठा मात्र प्रत्येक प्रजासत्ताकाची मध्यवर्ती बँक करू शकत होती. जो जास्त पत निर्माण करील त्याला फायदा, महागाई सर्वांत विभागलेली. साहजिकच प्रत्येकाने हात सैल सोडला. ‘रुबल क्षेत्र’ (रुबल हे सामायिक चलन चालवणारे देश) हा शब्द वापरताना रोख रुबल आणि खात्यावरचा रुबल असा भेद केला नाही तर वाचकाला यातले काहीच कळत नाही. जुलै १९९२ पासून रशियाने प्रत्येक देशाची खाती वेगळी केली, आणि जुलै १९९३ मध्ये जुन्या नोटा रद्द केल्या. त्या रद्द नोटा अजून रुबल चालवणाऱ्या शेजाऱ्यांकडे वाहिल्या, आणि कझाकस्तानला नोव्हेंबरमध्ये ५०० रुबलला १ या दराने आपले तेंगे काढावे लागले. एस्टोनियाने वेळ दवडला नव्हता. २० जून १९९२ रोजी माणशी १५०० रुबलचे १५० क्रून, आणि ८ क्रूनला १ जर्मन मार्क असा पक्का दर. याला ‘चलनबदल’ म्हणा, ‘नोटबंदी’ म्हणू नका. नोटबंदीत चलन तेच राहते.

कर्जाबद्दल थोडक्यात. ‘वाटून घेतले’ आणि ‘अंगावर घेतले’ हे दोन वेगळे व्यवहार. डिसेंबर १९९१ च्या करारात सोव्हिएत कर्जाचे वाटे ठरले: रशिया ६१.३४ टक्के, युक्रेन १६.३७ टक्के वगैरे. पण धनकोंना वाट्यांत रस नसतो. त्यांना एकाने बुडवले तर दुसऱ्याने भरावे अशी सामायिक जबाबदारी हवी असते. म्हणून रशियाने पुढे वेगळा सौदा मांडला: तुमच्या वाट्याचे कर्ज मी फेडतो, परदेशातल्या मालमत्तेवरचा तुमचा हक्क सोडा. इंग्रजीत याला ‘झीरो ऑप्शन’ म्हणतात. ‘शून्य पर्याय’ असे त्याचे शब्दशः भाषांतर वाचकाला काहीच सांगत नाही, ‘हक्कसोडीच्या बदल्यात कर्जमुक्ती’ लिहावे. युक्रेनच्या संसदेने हा सौदा मंजूर केला नाही, त्यामुळे तो वाद उरला. उस्मानी साम्राज्याचे कर्ज मात्र १९२३ च्या लोझान तहाने खरोखर वाटले गेले आणि तुर्कस्तानने आपल्या वाट्याचा शेवटचा हप्ता १९५४ मध्ये भरला. तिथे ‘वाटून घेतले’ अचूक आहे.

नागरिकत्वाच्या बाबतीत सर्वांत जास्त घात ‘अधिवास’ हा शब्द करतो. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाशी झालेल्या १९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने नागरिकत्व ठरवले ते राहत्या घरावरून नव्हे, एखाद्या गावच्या नोंदवहीत माणसाचा जो हक्क असे त्यावरून. गॅलिशियातल्या (साम्राज्याच्या, पुढे पोलंडकडे गेलेल्या प्रांतातल्या) गावी नोंद असलेला माणूस व्हिएन्नात वीस वर्षे नोकरी करत असला तरी तो ऑस्ट्रियन ठरत नसे. भाषा आणि वंशाने आपल्या भागातल्या बहुसंख्यांहून वेगळे असणाऱ्यांना आपल्या भाषा-वंशाचा दुसरा देश निवडायचा तर सहा महिन्यांची मुदत होती. याला अधिवास म्हटले तर अर्थ नेमका उलटा होतो. ‘गावनोंदीचा हक्क’ म्हणावे.

लॅटव्हियात १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच नागरिकत्व परत मिळाले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्यांना १९९५ च्या कायद्याने एक वेगळा दर्जा दिला, तेव्हा अशी माणसे सुमारे ७ लाख होती. त्यांच्यासाठी मराठीत कुणी ‘निर्वासित’ लिहितात, कुणी ‘परदेशी’, कुणी ‘देशहीन’. तिन्ही चूक. त्यांना देशात कायम राहण्याचा हक्क आणि लॅटव्हियाचेच पारपत्र आहे, मतदानाचा हक्क नाही. ‘बिगरनागरिक’ हाच शब्द वापरावा, आणि पहिल्यांदा वापरताना हे एक वाक्य सोबत द्यावे. लिथुएनियाने मात्र १९८९ च्या कायद्याने तिथे राहणाऱ्या जवळजवळ सर्वांना नागरिकत्वाची दारे उघडली होती, म्हणून तिथल्या रशियनांना हा शब्द लावू नये.