मैदानावरचे प्रश्न : पंचाचं चुकलं तर?

सोयाबीन घरात आलं, तुरीला अजून अवकाश आहे. या दिवसांत आमच्या दर्यापूर तालुक्यात एक गाव असं राहत नाही जिथं रात्रीचे सामने लागले नाहीत. त्यामुळे की काय, या वेळची जवळपास सगळी पत्रं पंचांवर रागावलेली आहेत. एकतीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवले, त्यातली बावीस कबड्डीची शिट्टी गळ्यात घालून काढली. माझ्याकडून जमतील तेवढी उत्तरं देते.

प्रश्न : बाई, महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली ते चूकच. पण पाठ टेकली नसेल तर पैलवानानं करायचं काय? वर्षभराची मेहनत आणि खुराक मातीत जातो. (एक कुस्तीप्रेमी, अंजनगाव सुर्जी)

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तळमळ खरी आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळला चितपट कुस्ती दिली. शिवराजचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण बघा. त्यानंतर जे झालं ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे गादी आणि माती विभागाच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही गुणाच्या वादातून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. शिवराज काही नवखा नव्हे, दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा उचललेला पैलवान आहे.

मला विचाराल तर लाथेची शिक्षा झालीच पाहिजे, त्यात किंतु नको. आखाड्यात पंचाच्या अंगावर हात गेला की उद्या गावच्या जत्रेत शिट्टी घ्यायला कोणी पुढं येणार नाही. आताच येत नाही. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तितकाच खरा आहे. गादीवरच्या कुस्तीला एकटा पंच नसतो. मधला पंच, बाजूचा पंच आणि मॅट चेअरमन असे तिघं असतात आणि चितपट द्यायची तर मधल्याला दुसऱ्या कोणाची तरी संमती लागते. ही संमती कोणी दिली, कशावरून दिली, हे त्याच वेळी माईकवरून सांगितलं असतं तर निम्मा भडका तिथंच विझला असता. आपल्याकडे निकाल देतात, सांगत नाहीत. पैलवानानं काय करायचं विचारता, तर वस्तादानं लेखी हरकत द्यायची आणि पैलवानाला हाताला धरून बाहेर न्यायचं. ते वस्तादाचं काम आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोराचं रक्त त्या क्षणी उकळणारच, म्हणून तर वस्ताद कोपऱ्यात बसलेला असतो.

प्रश्न : हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा फायनल आपण इराणशी जिंकला. माझा मित्र म्हणतो तो निकाल आपल्या बाजूनं ओढला. मी म्हणतो सोनं ते सोनं. तुम्ही पंच होता, खरं सांगा. (आयटीआयचा विद्यार्थी, दर्यापूर)

बाळा, हा प्रश्न मला आवडला. आपण जिंकलेल्या सामन्याबद्दल शंका विचारायला हिंमत लागते.

तारीख 7 ऑक्टोबर 2023. गुण 28-28, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श व्हायच्या आत लॉबीत गेला. त्याला रोखायला इराणचे बचावपटूही त्याच्यामागं लॉबीत उतरले. आता लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांचा तो पट्टा. झटापट झाल्याशिवाय, म्हणजे स्पर्श झाल्याशिवाय, तो पट्टा खेळात धरत नाहीत. मग बाद कोण? प्रो कबड्डीच्या पुस्तकात लिहिलं होतं की फक्त चढाईपटू बाद. आंतरराष्ट्रीय पुस्तकाप्रमाणे त्याच्यामागं लॉबीत शिरलेले बचावपटूही बाद. एकच खेळ, दोन पुस्तकं, आणि दोन्ही संघांतले कितीतरी खेळाडू वर्षातले काही महिने एका पुस्तकानं खेळणारे नि आता दुसऱ्यानं. निकाल एकदा इकडं फिरला, एकदा तिकडं. खेळाडू मैदानात बसून राहिले, जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी आंतरराष्ट्रीय नियम लावला आणि आपण 33-29 जिंकलो.

म्हणजे निकाल पुस्तकात बसणारा होता. तू मित्राला तसं सांगू शकतोस. पण मित्राचंही ऐक. कोणतं पुस्तक लागू आहे हे सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही कर्णधारांना बसवून सांगायचं असतं. तासभर घोळ झाला याचा अर्थ पंचांच्याच मनात स्पष्टता नव्हती. इराणच्या पोरांच्या जागी आपली पोरं असती तर आपण आजपर्यंत बोंब मारत असतो. ते सोनं मला आपलं वाटतं आणि तो तास मला आजही लागतो. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले. 1914 साली सुरू झालेली ही संस्था, तिच्या पथकानं 1936 साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली होती. ज्या खेळाला आपण जगापुढं नेलं, त्याचा नियम फायनलच्या शेवटच्या मिनिटाला शोधावा लागतो, हे बरं नाही.

आणि एक. त्याच दिवशी आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असं, एका गुणानं, हरवलं. भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ते. त्या सामन्याबद्दल मला आजवर एकाही वाचकाचं पत्र आलेलं नाही.

प्रश्न : टेनिस बॉलच्या सामन्यात नॉन-स्ट्रायकरला बॉलरनं रनआउट केलं आणि मारामारीपर्यंत गेलं. नियम काय? (चांदूर बाजार)

नियमानं बाद. 2022 पासून तर तो ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात टाकला आहे. अट एवढीच, की बॉलर ज्या क्षणी चेंडू सोडणं अपेक्षित आहे त्या क्षणाच्या आत बेल्स उडवायला हव्यात. आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माबाबत मे 2025 मध्ये आयपीएलला लखनौविरुद्ध हेच झालं. दिग्वेश राठीनं बेल्स उडवल्या, पण तोवर त्याची गोलंदाजीची क्रिया पूर्ण झाली होती म्हणून तिसऱ्या पंचानं नाबाद दिलं, आणि ऋषभ पंतनं अपीलही मागं घेतलं. जितेशनं 33 चेंडूंत नाबाद 85 करून बंगळूरूला 228 धावांचं लक्ष्य गाठून दिलं. तुमच्या गावात नाणेफेकीच्या वेळीच ठरवा, हा नियम लावायचा की नाही. ठरलं की मग कोणी कोणाची गचांडी धरायची नाही.

प्रश्न : आपण विदर्भवाले केरळला न हरवताच रणजी जिंकलो असं माझे पुण्याचे भाऊजी चिडवतात. (वाशीम)

भाऊजींना सांगा, पाच दिवसांत निकाल लागला नाही तर पहिल्या डावाची आघाडी बघतात, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. आपले 379, त्यांचे 342. केरळ स्वतः सेमीफायनलमध्ये गुजरातवर दोन धावांच्या आघाडीनं फायनलला आला होता, आणि तीही शॉर्टलेगच्या फिल्डरच्या हेल्मेटवर आदळून उडालेल्या झेलामुळं टिकली. शिवाय करुण नायरनं दुसऱ्या डावात 135 काढले, हर्ष दुबेनं त्या मोसमात 69 बळी घेऊन विक्रम केला. एवढं ऐकून गप्प नाही बसले तर जेवायला वाढा आणि विषय सोडा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, कबड्डी खेळते. तालुक्याला वजन घेणार म्हणून सरांनी तिचं चार दिवस रात्रीचं जेवण बंद केलं, शेवटच्या दिवशी पाणी दिलं नाही आणि रेनकोट घालून उन्हात पळवलं. ती चक्कर येऊन पडली. सर म्हणतात मोठे खेळाडूही असंच करतात. (एक आई, मूर्तिजापूर तालुका)

ताई, आधी हे, की तुमच्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही.

सरांनी मोठ्या खेळाडूंचं नाव काढलं, म्हणून विनेश फोगटचंच बोलू. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला पहिल्या दिवशी तिनं युई सुसाकीला हरवलं, जी तोवर परदेशी खेळाडूकडून हरलेलीच नव्हती. फायनलला पोहोचली. ऑलिंपिकच्या कुस्तीत दुसऱ्या दिवशी सकाळी परत वजन होतं. रात्रभर झोप नाही, पाणी नाही, व्यायाम, वाफ, शेवटी केससुद्धा कापले, आणि 50 किलोच्या वर 100 ग्रॅम भरले. आपल्या घरच्या तराजूवर एक मध्यम कांदा ठेवा, तेवढं. अपात्र ठरली, पाणी कमी झालं म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. क्रीडा लवादानंही 14 ऑगस्टला तिची याचिका फेटाळली. तिच्याजवळ डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, तिशीला टेकलेलं कसलेलं शरीर होतं. आपली पोरगी चौदा वर्षांची आहे. तिचं हाड अजून वाढतंय, पाळी नुकती सुरू झालेली असते.

पाणी तोडून जे वजन उतरतं ते फक्त पाणी असतं. संध्याकाळी परत येतं. मधल्या वेळात पेटके येतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि त्याच अवस्थेत सर तिला चढाईला पाठवतात.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तारखेसह, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. त्यात मागा की स्पर्धेच्या महिनाभर आधी शाळेतच वजन व्हावं. जास्त भरलं तर वरच्या वयोगटात खेळू द्या, नाहीतर या वर्षी राहू द्या. मुलगी बारीक होण्यासाठी कबड्डी खेळत नाही. आणि तिला घरात सांगा, की पुन्हा कोणी पाणी तोडायला सांगितलं तर ‘नाही’ म्हण, मी पाठीशी आहे. सर ओरडतील. ओरडू द्या.

प्रश्न : बाई, तुमच्याकडून कधी चुकीचा निर्णय झाला का? (नाव नको, पण मी तुमच्याकडं खेळलेली आहे.)

झाला. पत्र वाचून दोन दिवस हातात धरून होते.

बरीच वर्षं झाली. जिल्ह्यातल्या एका गावी मुलींच्या सामन्यांची फायनल, नोव्हेंबरची रात्र. आमच्या काळ्या जमिनीवर पाय रुततो म्हणून मैदानावर मुरूम पसरून पाणी मारलं होतं, त्यावर फक्कीच्या रेषा. अकरा वाजेपर्यंत दहिवर पडायला लागलं आणि फक्की पुसट झाली. मी कडेची पंच होते. शेवटची चढाई, गुण बरोबरीत, समोर सात बचावपटू, म्हणजे बोनस, बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, चालू. चढाईची मुलगी डाव्या कोपऱ्यात आली, पुढचा पाय बोनस रेषेपलीकडं टाकला आणि वळून पळाली. बोनसला मागचा पाय हवेत पाहिजे. मी हात वर केला, बोनस दिला. मुख्य पंचांनी शिट्टी मारली, सामना संपला.

बचावाच्या संघाची कर्णधार माझ्याकडं बघून हात हलवत होती. तिचे सर ओरडत होते, म्हणून मी तिच्याकडं पाहिलंच नाही. ओरडणाऱ्यांपुढं नमायचं नाही, एवढंच डोक्यात.

लोक जिंकलेल्या पोरींना उचलायला पलीकडच्या अर्ध्यात धावले. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. मी खाली पाहिलं. ओल्या मुरुमात रेषेच्या अलीकडं अंगठ्याची वीतभर ओढ होती, ताजी, तिच्या कडेला मुरूम साचलेला. मागचा पाय जमिनीवरच होता.

मी त्या खुणेवर पाय ठेवला आणि उभी राहिले. बक्षीस वाटप होईपर्यंत तिथंच उभी होते.

तीन आठवडे कोणाजवळ बोलले नाही. मग एका रविवारी एसटीनं त्या मुलीच्या गावी गेले. ती आईसोबत कापूस वेचायला गेली होती, वावरातच गाठलं. ओटीत कापूस घेऊन ती उभी, आणि मी सांगितलं, बाळा, तो बोनस नव्हता. माझं चुकलं, आणि कळल्यावर मी लपवलं.

ती म्हणाली, “मले माहीत हाये बाई. म्या पाय पायला होता. तुमी इचारलंच नाही.”

तिची आई म्हणाली, उन्हाचं आल्या, पाणी प्या. मी पाणी प्यायले. चषक काही परत फिरला नाही. संयोजकांना मी लेखी कळवलं, त्यांचं उत्तर आलं नाही. त्यानंतर मी कडेला उभी असले की फक्कीचा डबा जवळ ठेवायचे आणि मध्यंतरात बोनसची रेषा स्वतः परत आखायचे. आणि कर्णधारानं हात वर केला की आधी तिला बोलू द्यायचे, मग ओरडणाऱ्यांना गप्प करायचे.

तू माझ्याकडं खेळलीस म्हणतेस. त्या रात्री मैदानात असलीस तर मला पत्र लिही, या वेळी नावासकट.