एक पाय जमिनीवर ठेवून

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. गेले सात महिने तो स्केटबोर्डवर ‘ऑली’, म्हणजे हात न लावता फळीसकट उडी, शिकण्याच्या मागे लागला आहे आणि रोज कोपर नाहीतर गुडघा सोलून घरी येतो. ‘पडून पुन्हा उठणे हाच ख्रिस्ती विश्वास’ असे आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात सांगितले गेले. तेव्हापासून त्याने हेल्मेट घालणेही सोडले; ‘प्रभू सांभाळतो’ म्हणतो. उन्हामुळे खेळ सकाळीच होतो, म्हणून रविवारची उपासनाही चुकू लागली आहे. या खेळाचा आणि विश्वासाचा खरोखर काही संबंध आहे काय?
– एक आई, सदर, नागपूर

उत्तर : ताई, संबंध आहे, पण संघात दाखवला गेला त्या जागी तो नाही, असे मला वाटते. पडून उठणे ही चिकाटी झाली, आणि चिकाटीवर ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही. टोनी हॉक या अमेरिकी खेळाडूने १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत हवेत अडीच गिरक्या घेऊन फळीवर उतरून दाखवले, तेव्हा त्याच संध्याकाळी तो त्याआधी अनेकदा आपटला होता आणि ठरलेली वेळही संपून गेली होती. त्या उडीचे कौतुक जरूर करावे, परंतु तिला लगेच प्रवचनात ओढू नये.

मला स्वतःला ऑलीच्या कृतीत अधिक काही दिसते. अ‍ॅलन गेलफंड या फ्लोरिडातल्या मुलाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती उतरत्या भिंतींवर प्रथम साधली. त्याच्या टोपणनावावरून तिला हे नाव मिळाले. पुढे रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर जोरात आपटायचे आणि फळी उभी होत असतानाच पुढचा पाय तिच्यावरून वर सरकवत तिला आडवी करायची, एवढीच ही कृती आहे. तरीही ती महिनोन्महिने जमत नाही, कारण शिकणाऱ्याचा एक पाय ऐन वेळी फळी सोडून जमिनीकडे धावतो. पाय फळीवर असतात, भार मात्र पुरता फळीवर नसतो. अशा अर्ध्या मनाच्या उडीतच बहुधा अधिक लागते, हे आपला मुलगाही आपल्याला सांगू शकेल.

आपल्या भाषेत विश्वास ‘टाकतात’ आणि भारही ‘टाकतात’. ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ हे बायबलमधील ५५व्या स्तोत्रातले वचन आपण लहानपणापासून म्हणत आलो, पण एक पाय जमिनीवर ठेवूनच. प्रार्थना करायची आणि मनातली काळजी मात्र मुठीत घट्ट धरून घरी न्यायची, ही सवय माझ्याही ओळखीची आहे. या बाबतीत आपल्या मुलाची फळी आपल्या दोघांनाही काही शिकवू शकेल.

साम्य मात्र येथेच संपते. येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारले. त्यातून तो सरावाने सावरला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात प्रभू स्वतः समुद्रकिनारी त्याला भेटतो आणि ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय?’ असे तीनदा विचारतो. फळीवरून पडलेल्याला कोणाच्या क्षमेची गरज नसते, पेत्राला होती. ‘उठ आणि पुन्हा प्रयत्न कर’ एवढेच आपण मुलांना सांगत राहिलो, तर ज्या दिवशी त्यांना उठणे जमणार नाही त्या दिवशी त्यांना आपण अविश्वासू आहोत असे वाटेल, आणि तो दोष आपल्या शिकवणीचा असेल.

आता हेल्मेट. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभे करून खाली उडी टाकायला सांगतो आणि आधाराला चक्क ९१वे स्तोत्रच काढतो : तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून देवदूत तुला झेलतील! ‘परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको,’ हे त्यावरचे उत्तर आपल्या मुलाला वाचायला द्या. ‘प्रभू सांभाळतो’ याला त्याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. भार फळीवर टाकावा, डोके मात्र सिमेंटवर टाकू नये. शिवाय पडताना तळहात टेकण्याची ओढ आवरून, हात आखडून, खांद्यावरून लोळण घेण्याचा सराव त्याने आधी गवतावर करावा, मनगटे वाचतील.

उपासनेबद्दल मी कठोर होणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात उजाडल्यानंतर थोड्याच वेळात सिमेंट तापू लागते, हे खरे आहे. रविवारी त्याने अर्धा तास आधी उठावे, वाहत्या रस्त्यावर नव्हे तर एखाद्या बंद आवारात परवानगी घेऊन खेळावे आणि तेथून थेट मंडळीत यावे. सोललेल्या कोपराने तो शेवटच्या बाकावर बसला, तर त्याला कोणी टोकू नये, एवढे आपण पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा.