दोन वर्षांच्या निलगिरीवर पाच एकर लावायचे का?

राजुऱ्याजवळच्या एका वाचकाचा प्रश्न: पाच एकरांत निलगिरी लावायची आहे. नर्सरीवाल्याने स्वतःच्या नव्या क्लोनचा (एकाच निवडक झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या, त्याच्याच गुणांच्या रोपांचा) दोन वर्षांचा प्लॉट दाखवला. शेजारच्या जुन्या क्लोनपेक्षा झाडं चांगलीच जाड. नवं रोप 18 रुपयांना, जुनं 8 ला. तीन लाखांची एफडी मोडून सगळीकडे नवंच लावू का?

भाऊ, रोपाच्या दरावर डोकं शिणवू नका. तीन बाय दोन मीटरवर एकरी साधारण 675 रोपं बसतात. पाच एकरांत फरक पडतो 34 हजारांचा. खरी जोखीम जमिनीची. निलगिरी तोडली की खुंटाला पुन्हा फुटवे येतात आणि दुसरी, तिसरी तोड त्याच खुंटांवर घेतली जाते. म्हणजे क्लोन चुकला तर तो दहा-बारा वर्षं सोसायचा, नाहीतर खुंट उपटायचा खर्च अंगावर घ्यायचा.

नर्सरीवाला थापा मारतोय असं मी म्हणणार नाही. नवे क्लोन निवडून काढणारे पैदासकारही झाड तोडीला येईपर्यंत थांबत नाहीत. ब्राझीलमध्ये कागदाच्या लगद्यासाठीची निलगिरी सहा-सात वर्षांत तोडतात, पण निवड बऱ्याचदा तीन वर्षांच्या सुमारास उरकतात. अंदाज थोडा कच्चा राहतो, पण पुढची पिढी लवकर हाती येते, त्यामुळे वर्षागणिक सुधारणा जास्त मिळते. मात्र त्यांच्याकडे शेकडो क्लोन असतात आणि निवडलेले ते पुन्हा वेगवेगळ्या जमिनींवर लावून पाहतात. त्यातले पाच-दहा फसले तर वहीत काट मारायची. तुमच्याकडे एकच क्लोन, आणि तो सातबाऱ्यावर उभा.

दुसऱ्या वर्षी शेंडे अजून पुरते भिडलेले नसतात, मुळं एकाच ओलीसाठी भांडत नसतात. कोण तगतं ते तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यातच कळतं. शिवाय कागद गिरणी पैसे देते वजनावर. जाड पण हलकं लाकूड काट्यावर फसवतं. आणि कीड! पानादेठांवर गाठी आणणारी गांधीलमाशी या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात पसरली, तेव्हा काही क्लोन बेजार झाले, काहींना फारसं काही झालं नाही.

पुन्हा प्लॉटवर जा, या वेळी टेप घेऊन. धुऱ्याकडच्या ओळी सोडा. त्या झाडांना ऊन-पाणी मोकळं मिळतं (फोटोही तिथलेच काढतात). आतल्या 30 झाडांचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजा, मेलेल्या झाडांच्या जागाही मोजा. जुन्या प्लॉटातही तेच. उंची सारखी धरली तर घेरातले 10 टक्के म्हणजे लाकडातले 21 टक्के. तेव्हा फरक खरा असेल तर तो सोडण्यासारखा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एक एकर नवा क्लोन लावला असता. दोन एकरांत जुने, तेही दोन वेगवेगळे. भद्राचलमच्या कागद कारखान्याने 1989 पासून निवडत आणलेले क्लोन अनेक तोडी पाहिलेले आहेत. उरलेल्या दोन एकरांत कपाशी-सोयाबीन चालू ठेवा, घरखर्चाला दरवर्षी काहीतरी हातात यायलाच हवं. एफडी अर्धीच मोडा. तीन लाख 7 टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे 4.2 लाख होतात. निलगिरीला आधी तेवढे गाठायचे आहेत.

बल्लारपूरची कागद गिरणी जवळ आहे म्हणून भावाची चिंता नाही, असं लिहिलंय तुम्ही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पंजाब-हरियाणात सगळ्यांची निलगिरी एकदम तोडीला आली आणि भाव कोसळले. गिऱ्हाईक तेव्हाही होतंच.

नर्सरीवाल्याकडे या नव्या क्लोनच्या पूर्ण तोडीची एखादी धर्मकाट्याची पावती असेल तर मला पाठवा. मग एकाचे दोन एकर करू.