ग्रंथी वाढली की गाठ झाली?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या 9 किलोच्या म्हाताऱ्या पॉमेरेनियनच्या पोटाची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात 'बायलॅटरल ॲड्रेनोमेगॅली' असं आलं. डॉक्टरांनी सांगितलं, "दोन्ही अधिवृक्क ग्रंथी वाढल्यात." सासूबाईंनी ते ऐकलं आणि कुत्र्याच्या पोटात गाठी झाल्याचं सोसायटीभर झालं. ताई विचारतात, ग्रंथी म्हणजे गाठच ना, मग सासूबाईंचं चुकलं कुठे?

व्युत्पत्तीने पाहिलं तर कुठेच नाही. संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि, मराठी गाठ. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, त्यालाही आपण 'गाठ आली' असंच म्हणतो. सुजलेली असते ती लसिका ग्रंथी, पण तो शब्द घरात कोण काढतो? 1897 च्या प्लेगात पुण्याने धास्ती घेतली तीही काखेतल्या-जांघेतल्या गाठीचीच.

पण आता एकाच घरातल्या या दोन शब्दांची वाटणी झाली आहे. ग्रंथी म्हणजे शरीरात मुळातच असलेला, स्राव करणारा अवयव. गाठ म्हणजे नसावी तिथे उगवलेली गोष्ट. पाठ्यपुस्तकात तिला अर्बुद म्हणतात, पण दवाखान्यात तो शब्द वापरून पाहा, समोरचा नुसता बघत राहील. 'ॲड्रेनोमेगॅली'तलं 'मेगॅली' ग्रीक 'मेगास'वरून आलं, आपल्या 'महा'चं भावंड. म्हणजे फक्त आकार मोठा. म्हणून 'ग्रंथी सुजल्या' हेही बरोबर नाही, 'वाढल्या' हेच नेमकं.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, सोनोग्राफीत तो डोळ्यांनी दिसतो. पोटावरचे केस काढून, जेल लावून डॉक्टर आधी डावी ग्रंथी शोधतात. ती महारोहिणीलगत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीलगत असते आणि पुष्कळदा शेंगदाण्याच्या शेंगेसारखी दिसते, मध्ये चिमटलेली. उजवी मोठ्या शिरेला चिकटून, बरगड्यांच्या आड, त्यामुळे सापडायला अवघड. मोजतात ती मुख्यतः जाडी. पूर्वी सरसकट 7.4 मि.मी. ही वरची मर्यादा धरत; आता वजन पाहतात आणि लहान कुत्र्यांत साधारण 6 च्या पुढे गेलं की शंका घेतात. दोन्ही ग्रंथी जाड पण घडण शाबूत, तर 'वाढल्या'. एकीचाच आकार बिघडून गोळा झालेला आणि दुसरी रोडावलेली, तर ती बहुधा गाठ. ती शेजारच्या शिरेत तर शिरली नाही ना, हेही तेव्हाच पाहतात.

'अधिवृक्क'बद्दलही ताईंनी जाता जाता विचारलं आहे. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, अधि म्हणजे वर. माणसात ती खरोखर मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसते. चार पायांवर उभ्या कुत्र्यात मात्र ती मूत्रपिंडाच्या वर नसून पुढे, डोक्याच्या बाजूला आणि आतल्या अंगाला असते. तरी शब्द बदलायची गरज नाही. घरी बोलताना 'किडनीजवळची ग्रंथी' चालेल.

सारखं पाणी पिणं, सारखी शू, सुटलेलं पोट, झडलेले केस असं काही असेल तर डॉक्टर कुशिंगच्या आजाराचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त झाल्याचा, विचार करतात. त्याचं निदान नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही. दुसऱ्याच दीर्घ आजारानेही या ग्रंथी वाढतात, म्हणून कॉर्टिसोलच्या रक्तचाचण्या लागतात.

आणि सासूबाईंची बाजू थोडी घ्यायलाच हवी. कुशिंग झालेल्या दहापैकी आठेक कुत्र्यांत मूळ दुखणं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असतं. तिथे बहुतेक वेळा बारीकशी गाठच असते आणि तिच्या हुकमाने पोटातल्या दोन्ही ग्रंथी वाढतात. पोटाच्या सोनोग्राफीत ही डोक्यातली गाठ दिसत नाही. तेव्हा सोसायटीत दुरुस्ती करायचीच तर 'पोटात गाठ दिसलेली नाही' इतकंच म्हणा, 'गाठ नाहीच' असं म्हणू नका.