वाचकांचे प्रश्न : शाळेचे ग्रंथालय आणि मुलांचे गुण

प्रश्न : आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी सदस्य आहे. शाळेसाठी लोकवर्गणीतून काही रक्कम जमली आहे. तिच्यातून ग्रंथालय उभारावे असे मुख्याध्यापकांना वाटते, तर शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव प्रश्नसंच घ्यावेत असा बहुतेक पालकांचा आग्रह आहे. ग्रंथालयामुळे मुलांचे गुण खरोखर वाढतात का?
(एक पालक-सदस्य, बीड जिल्हा)

उत्तर : वाढतात, मात्र पुस्तके शाळेत येऊन पडली एवढ्याने वाढत नाहीत. ती नेमाने मुलांच्या हातात गेली, वेळापत्रकात त्यासाठी वेळ राखला गेला आणि शिकवणारे माणूस मुलांसोबत त्या पुस्तकांवर बोलले, तर वाढतात. निर्णय घेण्यापूर्वी समितीने हा फरक नीट समजून घ्यावा, कारण या विषयावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध जाणारे आहेत.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांच्या ग्रंथालयांत कर्मचारी पुरेसे आणि ग्रंथसंग्रह मोठा होता, तेथील मुलांचे वाचनाचे गुण अधिक असल्याचे त्यात आढळले, आणि परिसरातील गरिबी व पालकांचे शिक्षण हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. पुढे इतर राज्यांतही असे अभ्यास झाले. तरीही अशा पाहणीवरून ग्रंथालयामुळेच गुण वाढले असे ठामपणे म्हणता येत नाही. जी शाळा ग्रंथालय जिव्हाळ्याने सांभाळते, तेथे अध्यापनही बहुधा तितक्याच मनापासून होत असते. म्हणून मला प्रत्यक्ष वर्गांत केलेले प्रयोग अधिक महत्त्वाचे वाटतात.

त्यांतील एक प्रयोग फिजी बेटांवरील ग्रामीण शाळांत झाला. जेथे इंग्रजी ही मुलांची दुसरी भाषा आहे अशा शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांना वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी प्रत्येकी सुमारे २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत मुले रोज मूकवाचन करीत, तर काहींत शिक्षक मुलांना सोबत घेऊन वाचत. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, आठ महिन्यांनंतर या मुलांची वाचन व श्रवण आकलनातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती, आणि पुढच्या वर्षी हा लाभ भाषेच्या इतर कौशल्यांतही दिसू लागला.

याउलट आपल्या शेजारच्या कर्नाटकातील अनुभव विचार करायला लावणारा आहे. तेथे अक्षरा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या शालेय ग्रंथालय उपक्रमाचे मूल्यमापन करण्यात आले. कोणत्या शाळेत ग्रंथालय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते, त्यामुळे तुलना भक्कम होती. १६ महिन्यांनंतर घेतलेल्या भाषेच्या चाचणीत एकंदरीत काहीही फरक आढळला नाही, आणि जेथे शाळेत ग्रंथालय उभारण्याऐवजी ग्रंथपालच पुस्तके घेऊन येत असत, तेथे गुण उलट किंचित कमी झाले. या अभ्यासातील एक संशोधक ली लिंडन हे फिलिपाइन्समधील दुसऱ्या एका अभ्यासातही होते. तेथे १०० शाळांपैकी निम्म्या शाळांच्या चौथीच्या वर्गांना वयाला साजेशी ६० पुस्तके मिळाली, वर्गशिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि ३१ दिवस रोज वर्गातच वाचन झाले. त्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. उपक्रम संपल्यानंतर काही महिन्यांनी हा परिणाम निम्म्यावर आला, पण नाहीसा झाला नाही.

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की माझ्या मते एक गोष्ट लक्षात येते. जेथे वर्गशिक्षकच पुस्तके हाताळतात आणि वाचन हा रोजच्या शिकवण्याचा भाग असतो, तेथे फळ मिळते. जेथे ग्रंथालय ही शिकवण्यापासून अलग राहिलेली सोय असते, तेथे ते मिळत नाही.

आता प्रश्नसंचांविषयी. चौथीच्या मुलांना गणित घातले की ‘एका पेटीत १२ आंबे याप्रमाणे ८ पेट्या भरल्या आणि ५ आंबे उरले, तर एकूण आंबे किती?’ ज्या मुलाचे सगळे बळ अक्षरे जुळवण्यातच खर्च होते, त्याच्या नजरेतून ‘याप्रमाणे’ हा शब्द निसटतो. ते तिन्ही संख्यांची बेरीज करून २५ असे उत्तर लिहिते. त्याला पाढे येत असतात, १०१ हे उत्तर काढण्याची कुवतही असते, पण वाक्याचा अर्थ लागलेला नसतो. अशा मुलाला त्याच धाटणीची आणखी शंभर गणिते दिल्याने फारसे साधत नाही. भाषेच्या उताऱ्यांचे आणि परिसर अभ्यासाच्या प्रश्नांचेही तेच होते. म्हणून पालकांना दुखवू नये, प्रश्नसंचांचे मोजके संच शाळेत सामाईक ठेवावेत आणि मोठा वाटा गोष्टींच्या पुस्तकांवर खर्च करावा. शिवाय प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टातच नमूद आहे, आणि समग्र शिक्षा अभियानात ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूद आहे. ते आपल्या शाळेला मिळाले का आणि त्यातून काय घेतले, हे समितीने बैठकीत विचारावे. तो तिचा अधिकार आहे.

प्रश्न : आमची शाळा दोनशिक्षकी आहे. पुस्तके आहेत, पण ग्रंथपाल नाही. पुस्तक हरवले किंवा फाटले तर जबाबदारी आमच्यावर येते, या धास्तीने कपाटाला कुलूप असते. काय करावे?
(एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : आपली धास्ती खरी आहे आणि आपण ती मोकळेपणाने लिहिली, याबद्दल आभार. मुलांच्या वापराने पुस्तके जीर्ण होणारच, हे व्यवस्थापन समितीच्या ठरावात आधीच नोंदवून घ्यावे, आणि वर्षअखेरीस फाटलेल्या व गहाळ पुस्तकांची यादी समितीपुढे ठेवून रीतसर निर्लेखन करावे, म्हणजे ती नोंदींतून कमी करावीत. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही दाखल नोंदवहीतील आकडे जुळतात का एवढेच न पाहता देवघेव नोंदवही उघडावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. ज्या शाळेच्या या नोंदवहीची पाने कोरी आहेत, तेथील पुस्तके कितीही नवी दिसली तरी मुलांना ती मिळालेली नाहीत.

वेगळी खोली लागत नाही. प्रत्येक वर्गासाठी ३०-४० पुस्तकांची वाचनपेटी करावी, किंवा खिडकीच्या गजांना आडवी दोरी बांधून तिच्यावर पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी अडकवावीत. नुसता कणा पाहून लहान मूल पुस्तक उचलत नाही. देवघेवीची नोंद चौथी-पाचवीची मुले उत्तम ठेवतात. परिपाठानंतरची २० मिनिटे वाचनासाठी राखावीत आणि त्यातील काही दिवस आपण स्वतः मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्याकडे घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणारी मुले असतील, तर गोष्ट आधी त्यांच्या बोलीत सांगून मग पुस्तकातील मराठी वाचल्यास ती मुले पुस्तकाजवळ लवकर येतात. पुस्तके कमी पडली तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. त्यांतील छोट्या गोष्टी छापून शिवून घेता येतील. गोव्यातील पणजीची ‘बुकवर्म’ ही संस्था शाळांमध्ये ग्रंथालयाचे काम करते. सुट्टीत जाणे झाल्यास तिचे काम अवश्य पाहावे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या ग्रंथालयातून ती फक्त कथा-कादंबऱ्याच आणते. अभ्यासाची पुस्तके आणायला सांगावे का?
(एक पालक, ठाणे)

उत्तर : सांगू नये. १५ वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ मधील माहितीवरून जॉन जेरिम आणि जेमा मॉस यांनी ३५ देशांतील सुमारे अडीच लाख मुलांचा अभ्यास केला. कथा-कादंबऱ्या वारंवार वाचणाऱ्या मुलांचे वाचनकौशल्य सरस आढळले. वृत्तपत्रे, मासिके किंवा चित्रकथा वाचणाऱ्यांच्या बाबतीत असा ठळक फरक दिसला नाही. ज्यांना चांगले वाचता येते तीच मुले कादंबऱ्यांकडे वळतात असाही याचा अर्थ असू शकतो, परंतु लांब पल्ल्याचा मजकूर नेटाने वाचण्याची सवय दहावीच्या उताऱ्यांनाही उपयोगी पडते. इतिहास किंवा विज्ञानाची गोडी लावायचीच असेल, तर तिला आवडलेल्या कादंबरीचा काळ किंवा प्रदेश कोणता हे विचारावे आणि त्या विषयावरचे एखादे पुस्तक ग्रंथालयातून शोधून द्यायला तिच्या शाळेच्या ग्रंथपालांना सांगावे.